नाशिकची स्वस्ताई

मी शेवंती, मूळची देवगडकडची, लग्न होऊन विक्रोळीला आले ती ह्याच चाळीत, ह्याच खोलीत. आमचे हे इथल्या कारखान्यात फिटर. आणि काय सांगू तुम्हाला, चाळीत एकटे राहणारे कामगार चहा-पावावर दिवस काढायचे, बघवेना, म्हटलं घरच्यांचं रांधते तसं यांचंही रांधीन, नि खाणावळ सुरू केली. मग आजूबाजूच्या सगळ्या कारखान्यांतली माणसं यायला लागली.

मग ह्यांच्या कंपनीने यंत्रं उचलली नि नाशिकला नेली. तिकडे या, नाहीतर घरी बसा. माझे मोठे दीर मुलुंडहून धावत आले, बोटांवर हिशेब सांगायला लागले, अगो शेवंती, नाशकात भाडं निम्मं, भाजी मातीमोल, ही खोली विका नि तिथे दोन खोल्यांत राणीसारखी रहा. आमचे हे नुसती मान हलवत होते.

म्हटलं, बघून तर येते. ह्यांच्या आधीच तिकडे गेलेल्या सोबत्याच्या घरी राहिले थोडे दिवस. भाडं कमी, खरंच, खोटं कशाला बोलू, मेथीची जुडी तर एवढी मोठी. पण बांगडा? बर्फात पुन्हा एकदा मेलेला, नि भाव इथल्यापेक्षा जास्त. ते पण सोडा. त्याच्या कॉलनीत सगळे कुटुंबवाले, माझ्याकडे जेवणार कोण? सोबत्याची बायको सांगत होती, कोथिंबिरीला पैसे मागितले तरी नवरा विचारतो, कालचे कुठे गेले. तिथेच माझं ठरलं.

परत आल्यावर दिरांना म्हटलं, भावजी, सगळं मोजलंत, माझी कमाई कुठे मोजली? तर हसले. म्हणाले, ती कसली कमाई, बाईमाणसाचा हातखर्च तो. माझं डोकंच फिरलं. कारखान्यातल्या संपात ह्याच हातखर्चावर आमची चूल पेटत होती ना, नि तुमच्या घरी डबा जात होता, तो काय आभाळातून पडत होता? असं तोंडावर बोलले, नवऱ्याच्या थोरल्या भावाला. सगळी चाळ गॅलरीत येऊन ऐकत होती. ऐकू दे.

तरी दीर खोलीला गिऱ्हाईक घेऊन आलेच. मी उंबऱ्यात कांदे चिरत बसलेली, उठलेच नाही. म्हटलं, शेठ, खोली घ्या, पण माझ्यासकट घ्यावी लागेल, मी काय इथून हलत नाय. शेठ गेला तो गेलाच.

हे रागावले नाहीत. जेवताना एवढंच म्हणाले, मग मी एकटाच जाऊ काय गो? म्हटलं, जावा. बोलले खरी, पण ताट तसंच ठेवून उठले.

आता ते तिथे दोघांबरोबर खोली करून राहतात, शनिवारी येतात, सोमवारी पहाटे जातात. दोन चुली झाल्या, खर्च वाढला, कबूल आहे मला. ते निघताना आमची मुलगी त्यांना सोडत नाही, मग मीच तिला उचलून आत नेते. बायका म्हणतात, नवऱ्याने टाकली हिला. म्हणोत. रविवारी तोच नवरा माझ्या गिऱ्हाइकांसाठी नारळ खवत बसतो, तेव्हा येऊन बघा म्हणावं. दीर अजून बोलत नाहीत, त्यांचं पण देव भलं करो.

एवढं ऐकलंत, आता जेवून जा, पान वाढते. पैसे मात्र घेणार हां. ओळख वेगळी, खाणावळ वेगळी.