घास भरवतानाचा फोटो

परदेशातल्या त्या ओंगार उपनगराच्या बसमध्ये चित्राला धुक्यासारखी डुलकी लागली होती. मागच्या सीटवरचा तरुण स्पीकरवर नागपूरच्या बायकोशी बोलत होता.

"स्वराली, मला पर्मनंट रेसिडेन्सी मिळालीय, पण स्पाउस व्हिसाला वेळ लागतोय गं. तू स्टुडंट म्हणून ये ना."

"मी शिकायला नाही, नांदायला येणारेय, विक्रांत."

"बरं बाई. पण व्हिसाच्या अर्जाला लावायच्या लग्नाच्या फोटोत चेहरे तर दिसायला हवेत! आपण सगळीकडे मास्कमध्ये."

"घास भरवतानाचा एक आहे की बिनमास्कचा. फक्त त्यात तुझे डोळे मिटलेत."

"तोच लाव. इथे डोळे मिटल्यावरच तू दिसतेस."

"एअरपोर्टवर मात्र उघडे ठेव."

चित्राने डोळे मिटलेलेच ठेवले. तिचा स्टॉप केव्हाच मागे गेला होता.