खांद्यावरची टाच

नाही नाही, बसा ना, जागा आहे — ही बॅग काय, खाली ठेवते. मुलीचं नाव घालायला आलात ना? मग घाबरू नका, आत कुणी कुणाला मारत नाही, निदान सुरुवातीला तरी नाही, नुसतं ताणतात. आणि हा कराटेचा पांढरा ड्रेस माझाच आहे हो — तुम्ही मघापासून बघताय म्हणून आपलं सांगितलं. मीसुद्धा तुमच्यासारखीच आले होते, लेकीला सोडायला. या बाकावर बसून आतल्या प्रत्येक लाथेला 'अगंबाई', 'हळू गं' असं काचेतून ओरडायचे. शेवटी सर बाहेर आले आणि म्हणाले, ताई, एक तर गप्प बसा, नाहीतर आत या. आता गप्प बसणं मला कुठलं जमायला? गेले आत. सगळी सात-आठ वर्षांची पोरं आणि त्यांच्यात मी — वर्गाचा फोटो बघून आमचे हे म्हणाले, ही मागच्या रांगेतली किती वर्षं नापास होतेय?

आज बेल्टची परीक्षा आहे माझी. परीक्षा काही अवघड नाही, लाथ छातीइतकी वर जायला हवी — पण दोन्ही पायांनी. तिथेच माशी शिंकली. उजवा पाय माझा गुणी, सांगाल तितका वर जातो. डावा कमरेपाशी आला की रुसतो. आता यात माझं काय चुकलं असेल? मी आधी तेच शोधते, सवय आहे. लेक लहान असताना तिला सारखी डाव्या कडेवर घेतली म्हणून असेल, असं म्हणत डॉक्टरकडेसुद्धा जाऊन आले. ते म्हणाले, दोन्ही पाय अगदी सारखे ताणले जातात असा माणूस मला अजून भेटायचाय, तुम्ही घरी जा.

तर उपाय एकच, ताणत राहायचं. ते जोडीनं करतात, आणि माझी जोडीदार माझीच लेक. मी भिंतीला पाठ लावून उभी राहते, ती माझ्यापुढे उकिडवी बसते, माझी टाच आपल्या खांद्यावर घेते आणि हळूहळू उठते — ती जितकी उठेल तितका पाय वर. आणि सरांचा नियम असा की खांदा देणाऱ्यानं सारखं बोलत राहायचं, म्हणजे ताणणाऱ्याचं लक्ष दुखण्यावर राहत नाही. आता हे पोर घरी कसं आहे सांगू? शाळेत काय झालं विचारलं की 'काही नाही', दप्तर टाकलं की खोलीचं दार बंद. आठव्या वर्षीच हे, तर पुढे काय — असं मनात येतं आणि भाजी करपते. पण टाच खांद्यावर आली की तिला कंठ फुटतो. कुठली मैत्रीण बोलेनाशी झाली, बाईंनी कुणाला उभं केलं, पोहायला जायच्या दिवशीच हिचं पोट का दुखतं — सगळं कळतं. उजव्या पायाला ती भर्रकन उभी राहते, तिथे गप्पा संपतात. डाव्याला मात्र अर्धवट उठून तशीच थांबते, मी 'आई गं, तुटला' करते, ती म्हणते श्वास घे, आणि पुढचं सांगायला लागते.

नाही, दुखत नाही. म्हणजे दुखायचा, आधी. आता काय — आता कधीचाच मोकळा झालाय. घरी कुणी नसताना कपाटावर टाकून बघते ना मी, वरच्या खणाला लागतो. हसू नका. पास झाले तर मोठ्यांच्या बॅचला घालतील मला, दिवस वेगळे, जोडीदार वेगळी. मग कुणीतरी बाई माझी टाच खांद्यावर घेऊन मला तिच्या सासूबद्दल सांगत बसणार. मला काय करायचीय तिची सासू?

म्हणून मी ठरवलं होतं, सरळ नापास व्हायचं. डावा कमरेशी थांबवायचा, तोंड वाकडं करायचं, संपलं — ते मला छान जमतं. पण मघाशी ही सरांना सांगत होती, "आईचा डावा पाय मी तयार केलाय, बघाच तुम्ही." वर्गातल्या सगळ्या पोरांनाही सांगून ठेवलंय. ती बघा, रांगेत बसलीत, डोळे माझ्या पायावर. आता पाय वर नेला तर तिच्या गप्पा गेल्या, नाही नेला तर सगळ्यांसमोर ती तोंडघशी पडणार. तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असतात तर —

माझ्या मागे काय बघताय?

अगं. तू कधी आलीस? सर बोलवतायत? सांग त्यांना, आलेच. थांब, तू ऐकलंस का सगळं? — माहीत होतं म्हणजे? कसं माहीत होतं? — खरा अडलेला पाय खांद्यावर जड होतो म्हणतेस, आणि माझा हलका लागायचा. बरं. म्हणजे तुला कळत होतं, रोज.

मग अर्ध्यातच का थांबायचीस गं?

अहो, तुम्ही जरा तिकडे बघता का?