देवापुढचा कोळसा

मंडळी, एक सांगा. देवापुढे उदबत्ती लावता, वास घेता, डोळे मिटता. पण ती आली कुठून, हे कधी विचारलंत? नाही ना? मग ऐका!

कोकणात एका गावी पुरुषोत्तमशेठ. उदबत्तीचा छोटा कारखाना. भाविक इतके, की हिशेब चुकवायचा तरी आधी देवाला नमस्कार करायचे! एकदा शहरातल्या बड्या दुकानाचे साहेब आले. म्हणाले, "वर्षभर माल घेऊ. फक्त सांगा, काडीवरच्या लगद्यातला कोळसा कुठला?"

"बाजारातला!"

"बाजारात कुठून येतो?"

शेठना वाटलं, बाजारात माल येतो, म्हणजे... येतोच की! पण ऑर्डर तर हवी. निघाले शोधायला.

दुकानदार म्हणाला, "भट्टीवाल्याला विचारा." भट्टीवाला म्हणाला, "लाकडं टेम्पोतून येतात. परत निघालाय, बसा त्यात!" शेठ बसले. घाट गेला, नदी गेली... आणि टेम्पो वळला कुठे? यांच्याच गावात! थांबला देवराईपाशी!

देवराई म्हणजे देवाचं रान. फांदी तोडायची तरी आधी देवाला कौल लावायचा. मूर्तीला चिकटवलेलं फूल उजवीकडून पडलं, की देव हो म्हणाला! कौल लावायचा मान शेठचाच. मागल्या वर्षी विचारलं होतं, "वाळलेली झाडं ठेकेदाराला देऊ का?" फूल उजवीकडून पडलं. मंडळी खूश!

पण देवराईत उगाच पाऊल टाकायचं नाही, हाही नेमच. म्हणून वर्षभर कुणी आत डोकावलंच नाही! ठेकेदार मात्र रोज जात होता. बिचारा बाहेरगावचा, त्याला कुठला नेम?

शेठ आत गेले. हिरवीगार झाडं आडवी! त्यांना टेम्पोतून उतरताना पाहून मागून इंदुमतीकाकू, शेठच्या पत्नी, आल्या. बघत राहिल्या. म्हणाल्या, "अहो, म्हणजे रोज सकाळी तुम्ही देवाला त्याचंच घर जाळून वास देत होतात?"

शेठनी कुऱ्हाडी त्याच दिवशी थांबवल्या. आणि साहेबांना कळवलं, "कोळसा आमच्या देवराईतला होता. आता नारळाच्या करवंट्यांचा करणार, तोवर माल नाही. ऑर्डर दुसऱ्याला दिलीत तरी राग नाही."

साहेब म्हणाले, "बाकीचे सगळे अजून 'बाजारातला' म्हणतायत. आम्ही थांबतो!"

तर मंडळी, तुम्ही दुकानदार, कारखानदार, गिऱ्हाईक. देवाला कौल लावता, जरा टेम्पोवाल्यालाही विचारत जा! चला, आता आरती. अध्यक्षसाहेब, उदबत्ती पेटवा. थांबा! ही कुठून आणलीत?

"बाजारातून, बुवा!"

...बसा मंडळी, बसा. आख्यान पुन्हा पहिल्यापासून!