सुनीलचा सूपवरचा पहारा

नवरा शिस्तीचा असला की काय होतं, ते मला विचारा. आम्ही अमेरिकेत ट्रॉयला राहत होतो तेव्हा सुनीलच्या ऑफिसातल्या एलेनीने त्याला त्यांच्या ग्रीक छोल्यांच्या सूपची रेसिपी दिली. काबुली चणे, कांदा, ऑलिव्ह ऑइल, तमालपत्र, मीठ आणि शेवटी लिंबू. बास! "तुम्ही लोक यात मसाले घालणारच," असं ती हसत म्हणाली आणि हा पेटला. शनिवारी तिला जेवायलाच बोलावलं.

सकाळपासून किचनमध्ये पहारा. मला म्हणाला, "तू मसाल्याच्या डब्याला हात लावायचा नाहीस." नागपूरहून आलेल्या सासूबाईंना म्हणाला, "आई, तूसुद्धा."

एलेनीने पहिला चमचा घेतला. "मस्त आहे. पण हे आमचं नाही. काय घातलंय?"

सुनीलने आमच्याकडे वळून बघितलं.

"चिमूटभर हिंग," सासूबाई म्हणाल्या. "चणे बाधतात रे!"

"एकच हिरवी मिरची," मी म्हटलं. "तू आंघोळीला गेलास तेव्हा."

सुनीलने एलेनीला सगळं इंग्रजीत सांगितलं आणि वर म्हणाला, "या घरात भरवशाचा मी एकटाच!"

तेवढ्यात आमची सात वर्षांची रेवा म्हणाली, "बट बाबा, यू पुट द गूळ."

"सपक लागत होतं," सुनील पुटपुटला. "सुपारीएवढाच खडा टाकला."

एलेनीने हसत हसत लिंबाची फोड उचलली. "हे तरी मला पिळू दे. बाऊलमध्ये काहीतरी ग्रीक असू दे!"