नमस्कारातला उजेड

कोथरूडच्या दवाखान्यात महिपती नंबरची वाट बघत होते. पुढच्या बाकावरचं वयस्कर जोडपं हळू बोलत होतं, म्हणजे साऱ्या खोलीला ऐकू जाईल इतकंच.

"अहो, आत गेल्यावर डॉक्टरांना खरं सांगा."

"काय खरं?"

"स्क्लेरोडर्माच्या ऑनलाइन व्यायामाला माझ्याऐवजी तुम्ही बसत होतात ते."

"कॅमेऱ्यात फक्त हात दिसतात, पद्मजा. तू कुकरपाशी असायचीस. हजेरी चुकली असती."

"आणि व्यायामाच्या बाई म्हणाल्या, पद्मजाताई, बोटं काय सुरेख वळतात!"

"माझ्या बोटांचं असं कौतुक तू कधी केलंस?"

"उद्या डॉक्टर म्हणतील, बऱ्या झालात, व्यायाम बंद करा. इकडे या स्क्लेरोडर्मानं माझी कातडी आवळत चाललीय. नमस्काराला तळवे टेकत नाहीत. तुमच्या ताई म्हणतात, वहिनी अर्धाच नमस्कार करते."

"मनातून तोही करत नाहीस."

"विषय बदलू नका. हे बघा, जोडले हात."

"जोर लावून बघ."

"लावलाय."

"मधून उजेड दिसतोय गं."

"महिपतीकाका, चला," नर्सने हाक मारली.

"आधी यांना घ्या," महिपती जागचे न हलता म्हणाले.

"सांगतो डॉक्टरांना सगळं," पद्मजाचा नवरा म्हणाला. "आणि उद्यापासून कुकर मी लावतो. तू व्यायाम कर."

"पाणी किती घालायचं, माहीत आहे?"

"फोनवर बघून शिकेन."

"शिका. पण कॅमेरा चालू ठेवा. हात तुमचेच आहेत ना, ते मी बघणार आहे."