बिनबटनांचा ट्रंपेट

अरे, तुम्ही माझ्या ओठांचं एवढं कौतुक करून राहिले, म्हणून सांगतो. माझा तो जुन्या पद्धतीचा लांब ट्रंपेट आहे ना, त्याला बटनं नसतात. सगळे सूर ओठांनीच काढायचे, हे मी आमच्या अख्ख्या खमरिया वस्तीला ऐकवलं होतं. नळीला दोन बारीक भोकं असतात, सूर हलला की त्यांच्यावरचं बोट उचलून सावरून घेता येतं, हे मात्र कोणाला सांगितलं नव्हतं.

चर्चमध्ये कार्यक्रम होता. शेजारचे विजूभाऊ, फॅक्टरीत फिटर, प्रेमानं ट्रंपेट चमकवायला घेऊन गेले होते. ऐन वेळेवर आणून दिला. मी तसाच उभा राहिलो, पहिल्याच वरच्या सुराला बोट उचललं आणि ट्रंपेट असा रेकला, की प्रार्थनेत डोळे मिटलेले फादर दचकून उठले.

बाहेर येऊन विचारलं, "विजूभाऊ, भोकं कुठं गेली?"

"लीकेज होतं ना भैया! कथलाचा डाग देऊन बंद केलं. पण तुम्ही तर म्हणता, सगळं ओठांनीच वाजवतो. मग आज काहून बिघडलं?"

आता काय सांगू त्यांना? आज पहिल्यांदाच ओठांनी वाजवलं म्हणून!