माझ्या बाजूचा गिलावा

—आणि नमुन्याच्या फळ्या तीन आणल्यात, तर मला एकच का दाखवताय, मिस्त्री? बाकीच्या दोघी पिशवीत लाजतायत की काय? काढा बाहेर. ही जिप्समची, काचेसारखी गुळगुळीत—समजली. ही निरूची, या भिंतीला आत्ता आहे तीच—चुन्याची, मऊसूत, उन्हाळ्यात गाल लावावा तर गारेगार. आणि ही? ही खरखरीत वाळूची—ही तर बाहेरून करतात, कंपाउंडला करतात, पाऊस झेलायला. माझ्या झोपायच्या खोलीत कुठला पाऊस पडणार आहे? आणि गंमत बघा—पलीकडे मुलगा-सून झोपतात त्या बाजूला गुळगुळीत जिप्सम, आणि त्याच भिंतीच्या माझ्या बाजूला हे खडबडीत. एकच भिंत आणि दोन न्याय. ओल आहे म्हणता? कुठंय ओल? हात लावून बघा, ठणठणीत कोरडी आहे.

तो डाग? तो तेलाचा आहे. डोक्याला तेल लावते ना मी, मग टेकते कधीतरी—गुडघे दुखतात, उभ्या उभ्या टेकावं लागतं. हो, पलंगापासून लांब आहे, दिसतंय मला. टेकायला काय पलंगच लागतो? असं बघू नका हो माझ्याकडे. कान लावते असं मी म्हणाले का? बरं, लावला एखाद्या वेळी. भिंतीला कान असतात म्हणतात, मग ते माझेच असले तर बिघडलं कुठं? दिवसभर माझ्याशी काय बोलणं होतं या घरात—जेवलीस का, गोळी घेतलीस का, संपलं. तिकडे दार लावलं की दोघं हसतात, मुलगा लहानपणी करायचा तशी बडबड करतो. तेवढंच ऐकते. वाईट वाटतं, पण ऐकते.

आता हे तुमच्यापाशीच ठेवा—परवा हसणं नव्हतं, कुजबुज होती. ‘घर विकायचं नक्की होईपर्यंत तिकडे बोलायचं नाही.’ तिकडे म्हणजे कुठं? माझ्याकडेच की. कोण म्हणालं? कुजबुजीत बाई की पुरुष ते कळत नाही, पण विचारायला कशाला हवं—सूनच. चहा हातात आणून देते, उशीची खोळ बदलते, पाय चेपू का म्हणते—अहो, एवढं गोड कोणी उगीच असतं का? गोड बोलून गळा कापणारी जात. आणि कुजबुज झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही भिंत मोजायला हजर. खरखरीत भिंतीला कान लावून बघा, सोलवटून निघतो—हे डोकं तिचंच. माझा मुलगा म्हणजे गरीब गाय. त्याला निरू कुठली आणि वाळू कुठली, एवढंही कळायचं नाही.

काय? परत सांगा. सूनबाई काय म्हणाली तुम्हाला? दोन्हीकडे गुळगुळीतच करा—आई भिंत धरून उठतात, हात खरचटेल त्यांचा—असं म्हणाली? ती? मग हे वाळूचं कोणी—

नंतर फोन आला. कोणाचा?

स्वतः त्यानं केला? आणि बायकोलाही सांगू नका म्हणाला.

बरं.

नाही, आता बदलू बिदलू काही नका. त्यानं सांगितलंय ना, मग वाळूचंच करा. चांगलं जाड थापा, मला यापुढे काही ऐकायचंच नाहीये. निघा तुम्ही आता. आणि जाताना दार ओढून घ्या.